पॉलिमर क्ले, लेस, तारा, घड्याळाची चाकं... नुसतं खेळायचं कसं?

सटरफटर
मंडळी, दोन-अडीच वर्षं झाली पॉलिमर क्ले (घरच्या ओव्हनमध्ये भाजून कडक होणारा रंगीत लगदा) करतेय. कानातली, मणी, कीचेन, पेनाला गुंडाळलेली नक्षी वगैरे. सगळं व्हिडिओ बघून, मोजूनमापून, एकसारख्या जाडीचा पत्रा लाटून कटरने कापून. येतं आता बऱ्यापैकी, लोक घेतातही. पण खरं सांगू का, कंटाळा आलाय. कटर फिरवताना हातांना काम असतं, डोक्याला काही नसतं.

म्हणून गेल्या आठवड्यात ठरवलं की आज काही ठरवायचं नाही. उरलेली सगळी क्ले, जुन्या ड्रेसची लेस, तांब्याची तार, बंद पडलेल्या घड्याळाची चाकं, फाटक्या नकाशाचे तुकडे, सगळं टेबलावर ओतलं आणि सुरू केलं. तीन तास कुठे गेले कळलं नाही. आणि हाती काय लागलं? चिखल. शब्दशः चिखलाच्या रंगाचा मुठीएवढा गोळा, त्यातून लेस लोंबतेय आणि एक चाक अर्धं बाहेर आलंय. लेकाने विचारलं, हे काय? मी म्हटलं, प्रयोग. तो म्हणाला, मेला का?

तर प्रश्न असा की तुम्ही लोक खेळता कसे? म्हणजे काहीच न ठरवता बसलं की दर वेळी चिखलच होणार का? आणि क्लेबरोबर काय काय ओव्हनमध्ये चालतं, काय नाही? गोळा अजून भाजलेला नाही, तसाच डब्यात आहे.

उगाचच
शीर्षक वाचून वाटलं घड्याळजींनी धागा काढला.

घड्याळजी
@उगाचच, मी इथेच आहे आणि मला त्या चाकांची काळजी वाटतेय.

खटपट्या
सटरफटर, आधी एक सांगा, ओव्हनमध्ये वेगळं थर्मामीटर ठेवता का? नसेल तर बाकीची चर्चा नंतर.

सटरफटर
नाही ठेवत. डायल १३० वर लावते, आजवर काही जळलं नाही.

खटपट्या
तेच तर. माझ्या छोट्या ओव्हनचा डायल १३० दाखवायचा आणि आत मोजलं तर १६५. तेही मध्येच, मागच्या कोपऱ्यात त्याहून जास्त. वर्षभर मी कंपनीला शिव्या घालत होतो की यांचा पांढरा रंग पिवळा पडतो. खेळायचं तर खुशाल खेळा हो, पण तापमानाशी खेळू नका. कुठली क्ले किती तापमानाला ते पाकिटावर असतं आणि सगळ्यांचं एक नसतं. फिमो ११० ला ३० मिनिटं, प्रीमो १३५ ला ३० मिनिटं आणि तेसुद्धा दर ६ मिमी जाडीला, काटो तर १५०. तुमच्या त्या गोळ्यात तीन कंपन्यांची क्ले एकत्र असणार असं मला वाटतंय.

सटरफटर
चार.

भट्टीवाली
चार कंपन्यांचा चिखल, हाहाहा. असू दे गं. मिसळलेली असेल तर साधारण मधलं तापमान धर, वेळ जास्त दे आणि वरून फॉइलचा तंबू कर म्हणजे रंग जळणार नाही. बरोब्बर तापमानाला तासभर जास्त राहिली तर क्ले बिघडत नाही, उलट मजबूत होते. कच्ची राहिली की मात्र एका टिचकीत तुटते. नवखे लोक म्हणतात ठिसूळ झाली म्हणजे जास्त भाजली गेली, बहुतेक वेळा उलटं असतं.

आता चिखलाचं. रंग मळताना एकमेकांच्या विरुद्ध रंग गाठ पडले की तपकिरी होणारच, लाल-हिरवा, निळा-नारिंगी, जांभळा-पिवळा. तू टेबलावर सगळेच ओतलेस म्हणजे सगळ्या जोड्या जमल्या. मी खेळायला बसते तेव्हा फक्त तीन रंग घेते, शेजारचे दोन आणि एक परका, शिवाय पांढरा आणि ट्रान्सलुसंट (अर्धपारदर्शक क्ले). बाकीचे डबे दुसऱ्या खोलीत ठेवून येते, कारण समोर दिसले की हात जातो. आणि मळणं कधी थांबवायचं ते महत्त्वाचं. रेघा दिसतायत, छान दिसतायत, आता अजून एकदाच दुमडू या, असं वाटलं ना की हात मागे घ्यायचा. ते अजून एकदाच म्हणजेच चिखल.

पाऊणशहाणा
"अजून एकदाच" हे माझ्या आयुष्याचंही शीर्षक आहे.

रसायन
थोडा मोठा प्रतिसाद, झेपला तर वाचा.

पहिलं म्हणजे ही माती नाही. नावात क्ले असली तरी हे पीव्हीसी आहे. पीव्हीसीचे बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर, रंग आणि थोडं फिलर. खरी माती भट्टीत जाते तेव्हा तिच्यातलं पाणी जातं, ती आकसते, खनिजं बदलतात. इथे पाणीच नाही. उष्णता लागली की कण फुगून प्लास्टिसायझर शोषतात आणि एकमेकांना चिकटून एकसंध होतात, म्हणून आकार जवळजवळ तेवढाच राहतो आणि म्हणूनच आत तार, काच, कापड घालता येतं. हवेवर सुकणाऱ्या मातीत तार घातलीत तर माती आकसते, तार आकसत नाही, मग तडे.

यावरून ओव्हनमध्ये काय चालेल हे स्वतःच काढता येतं. ११० ते १५० ला ज्याला काही होत नाही ते सगळं चालतं. काच, धातू, दगड, चिनीमाती, सुती कापड, कागद चालतात. लाकूड चालतं पण ते आधी सुकवून घ्या, त्यातली ओल वाफ होऊन बुडबुडे करते. पॉलिस्टरची लेससुद्धा बिनधास्त चालते. थर्मोकोल नाही, तो १०० च्या आसपासच बसतो. ॲक्रिलिकचे स्वस्त खडे आणि बाहुलीचे डोळे वितळतात किंवा धुरकट होतात. हॉट ग्लूचं तर विचारूच नका, तो गोंद वितळण्यासाठीच बनवलाय. मायक्रोवेव्ह अजिबात नाही.

आणि जास्त तापलं, तपकिरी व्हायला लागलं, घसा चुरचुरायला लागला, तर तो हायड्रोजन क्लोराइड आहे. ओव्हन बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि खोलीबाहेर जायचं. बघू काय झालंय म्हणून दार उघडून नाक आत घालायचं नाही.

उगाचच
शेवटचं वाक्य अनुभवातून आलंय असं वाटतंय.

रसायन
नो कॉमेंट्स.

नखाएवढी
थर्मोकोलवरून आठवलं. मी नवीन असताना मोठा ग्रह करायचा म्हणून थर्मोकोलच्या चेंडूवर क्ले चढवली. केवढा सुंदर झाला होता, वलयं, खड्डे, सगळं. २० मिनिटांनी बघते तर एका बाजूने आत गेलेला, तडा पडलेला, आणि तड्यातून वितळका पांढरा पदार्थ. घरचे म्हणाले उल्का आदळली असेल. तेव्हापासून आत फक्त फॉइलचा घट्ट गोळा. हलका होतो आणि आतूनही उष्णता पोचते.

(आयडी बघून हसू नका, तेव्हा मोठं करायचे. आता सगळं नखाएवढंच करते. मोठ्या गोष्टी अंगावर येतात.)

तिरसट
मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

"नुसतं खेळायचं" हे जे सध्या चाललंय ना सगळीकडे, त्याचं मला फारसं कौतुक नाही. ज्यांना हात नाही ते प्रयोगशील होतात. आधी गुळगुळीत मणी करून दाखवा, बोटांचे ठसे न उमटवता, आत हवा न ठेवता. एक केन, म्हणजे आरपार चित्र असलेली क्लेची कांडी, करून दाखवा जी बारीक केल्यावर मधोमध कापली तरी चित्र फाटत नाही. मग लेस लोंबवा. आणि वर रसायन म्हणाले तसं हे प्लास्टिक आहे, एकदा भाजलं की परत मळता येत नाही. तीन तास मजा आली म्हणून मुठीएवढा प्लास्टिकचा गोळा शेकडो वर्षांसाठी मागे ठेवायचा, याला खेळ म्हणायचं का?

सुईदोरा
@तिरसट, हात नाही ते प्रयोगशील होतात?? सटरफटर अडीच वर्षं करतायत, लोक विकत घेतायत, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. हात आहे म्हणूनच कंटाळा आलाय. ज्याला येत नाही त्याला कंटाळा यायला वेळ कुठे असतो.

आणि सटरफटर एकाच वस्तूत ज्या नाना गोष्टी घालतायत, तो काही सध्याचा थिल्लरपणा नाही. पिकासोने १९१२ मध्ये कॅनव्हासवर वेताच्या विणीचं छापील मेणकापड चिकटवलं आणि भोवती चौकटीच्या जागी चक्क दोर गुंडाळला. जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्स तर तिकिटं, वेष्टनं, लाकडाचे ढलपे, रस्त्यावर सापडेल ते चिकटवायचा आणि त्याने या प्रकाराला नाव दिलं मेर्झ, तेही एका जाहिरातीतून फाटून आलेला शब्दाचा तुकडा. या दोघांना हात नव्हता म्हणणार का?

तिरसट
पिकासो लहानपणी उत्तम चित्रं काढायचा. आधी आलं, मग मोडलं. माझं म्हणणं तेच आहे, धन्यवाद.

पाऊणशहाणा
*बाजूला बसून दोघांकडे आळीपाळीने बघतो*

भट्टीवाली
तिरसट, प्लास्टिकचा मुद्दा मात्र बरोबर आहे आणि आपण त्यावर फार बोलत नाही. पण तो खेळाविरुद्धचा मुद्दा नाही हो. कच्ची क्ले बंद डब्यात वर्षानुवर्षं टिकते, नाही आवडलं तर परत मळायची. माझा नियम साधा आहे, खेळलेलं त्याच दिवशी भाजायचं नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात बघायचं आणि जे बघून काही वाटलं नाही ते परत गोळ्यात. दहातलं एखादंच भाजलं जातं. चुकून भाजलेलं असेल तर तेही वाया घालवत नाही, कातरून, किसून ट्रान्सलुसंटमध्ये मिसळते, लाटते आणि भाजून पाण्याखाली घासते, मस्त टेराझो फरशीसारखं दिसतं. घासायचं नेहमी पाण्यातच, पॉलिश पेपर ४०० नंबरपासून वर १००० पर्यंत, म्हणजे धूळ उडून नाकात जात नाही. ते पाणी सिंकमध्ये ओतू नका, गाळ खाली बसू द्या आणि फडक्याने टिपून कचऱ्यात टाका.

वाचनमात्र
वाचनखूण साठवली. (एवढंच बोलतो, आयडीला जागायचं असतं.)

खटपट्या
डब्यावरून आठवलं. कच्ची क्ले कुठल्याही प्लास्टिकच्या डब्यात ठेवू नका. माझा एक कडक पारदर्शक कप्प्यांचा डबा होता, सहा महिन्यांनी उघडला तर क्ले आणि डबा एकजीव. तळ मऊ पडून क्लेला चिकटलेला, ओढली तर डब्याचा पापुद्रा सोबत आला. डब्याखाली त्रिकोणात ५ लिहिलेलं असेल तर तो पॉलिप्रोपिलीन, तो चालतो. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याला प्लास्टिसायझर विरघळवतं. कच्ची क्ले पॉलिश केलेल्या लाकडी टेबलावर रात्रभर ठेवलीत तर तिथेही डाग. हे मला कसं माहीत ते विचारू नका, टेबल माझं नव्हतं.

नखाएवढी
आणि नेलपॉलिश!! पहिल्या वर्षी चमक यावी म्हणून सगळ्या मण्यांना पारदर्शक नेलपॉलिश लावलं होतं. दोन दिवस काचेसारखं. तिसऱ्या आठवड्यात बोट चिकटायला लागलं. आज त्या मण्यांवर इतकी धूळ आणि केस चिकटलेत की ते वेगळंच मिक्स्ड मीडिया झालंय. स्प्रेच्या डब्यातले बरेच वॉर्निशही असंच करतात. पाण्यावर आधारलेलं वॉर्निश वापरा, आधी टाकाऊ तुकड्यावर लावून महिनाभर ठेवून बघा.

घड्याळजी
आता माझ्या विषयावर येऊ का?

सटरफटर, तुमचं चाक अर्धं बाहेर का आलं सांगतो. क्ले धातूला चिकटत नाही. भाजल्यावर बसल्यासारखी वाटते, पण नखाने उचललंत की टक्कन निघते, मागे चाकाचा सुंदर साचा ठेवून. धातूला आत अडकवावं लागतं. चाकाला भोकं असतातच, ती क्लेने भरून मागून दाबायची, दातांच्या कडेवर क्लेची बारीक किनार चढवायची. तारेच्या टोकाला नुसतं सरळ खुपसू नका, टोक वळवून आकडा करा किंवा दोन तारांचा पीळ घाला, म्हणजे क्ले पिळात शिरते. बाकी चिकटवायला लिक्विड क्ले, ती भाजताना पक्की होते. सुपरग्लू कामचलाऊ आहे, कालांतराने ठिसूळ होतो.

एक विनंती. चालू घड्याळ उघडू नका हो. जे आधीच गेलंय तेच.

सुईदोरा
कापडाचं मी सांगते. लेस नुसती दाबून बसवली तर भाजल्यावर कडा सुटतात. आधी लिक्विड क्लेचा अगदी पातळ हात द्यायचा, लेस ठेवायची, वरून कागद ठेवून रोलर फिरवायचा. किंवा लेस ठेवायचीच नाही! दाबायची, उचलायची, ठसा उमटतो, त्या ठशात भाजल्यावर गडद ॲक्रिलिक रंग चोपडायचा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसायचा. खोलगट जागी रंग राहतो, उंचवटे स्वच्छ, आणि लेसची प्रत्येक गाठ दिसते. माझ्या आजीने विणलेल्या एका रुमालाचा असा ठसा घेतलाय. रुमाल विरत चाललाय, ठसा तसाच आहे.

कागद किंवा पुठ्ठ्यावर क्ले बसवायची असेल तर आधी पांढऱ्या गोंदाचा थर देऊन पूर्ण वाळवा. आणि कुठलाही पाण्याचा रंग ओला असताना ओव्हनमध्ये घालू नका, फोड येतात.

रिकामा_कॅनव्हास
मी मूळचा चित्रकार, क्लेत नवा, त्यामुळे चुकलो तर सांगा. मी रंग कच्च्या क्लेवर लावतो. काळ्या क्लेच्या पातळ पत्र्यावर सोनेरी ॲक्रिलिकचा थर द्यायचा आणि पूर्ण सुकवायचा, मग पत्रा लाटायच्या मशीनमधून जाडी एकेक आकडा कमी करत काढत जायचं. क्ले ताणली जाते, सुकलेला रंग ताणला जात नाही, तो तडकतो. पहिल्या फेरीत केसासारख्या भेगा, दुसरीत उन्हात भेगाळलेली जमीन, तिसरीत बेटं सुटी होतात. मी नव्वद अंशात फिरवून परत काढतो म्हणजे भेगा दोन्ही दिशांना जातात. कुठे कशी तडकेल हे आधी सांगता येत नाही, दर वेळी मशीनच्या दुसऱ्या बाजूला वाकून बघत बसतो. कॅनव्हासने मला असं कधी चकित केलं नाही, तिथे जे वाईट व्हायचं ते मीच करतो.

भट्टीवाली
@रिकामा_कॅनव्हास, चुकलात कुठे, झकास आहे हे. आता तोच पत्रा एकावर एक आठ-दहा थर रचून बघा, मध्ये मध्ये ट्रान्सलुसंट आणि सोन्याचा वर्ख. मग पेनाचं टोपण, खिळा, स्प्रिंग, हाताला येईल ते वरून खोल दाबा आणि धारदार पातं आडवं धरून वरचे उंचवटे कागदाएवढे पातळ तासत जा. एकेका कापाखाली वर्तुळं उघडतात, आत अजून वर्तुळं. मोकुमे गाने म्हणतात याला, मूळ जपानी धातुकाम, १७व्या शतकातलं, तलवारीच्या मुठींवरचं. नावाचा अर्थच लाकडाच्या रेषांसारखा धातू. आपण तलवारीच्या ऐवजी कीचेन करतो एवढाच फरक.

तिरसट
मोकुमे गानेला शिस्त लागते हे लक्षात असू द्या. पातं जरा तिरकं झालं की खड्डा.

पाऊणशहाणा
तिरसटकाका, तुम्ही क्ले करता का? आत्तापर्यंत सांगितलं नाहीत.

तिरसट
काका कोण? बारा वर्षं करतोय.

पाऊणशहाणा
मग फोटो टाका ना.

तिरसट
नाही टाकत.

उगाचच
लोल. धाग्याला रंग चढला. चिखलाचा नाही, चांगला.

रसायन
अवांतर: या सगळ्या प्रकाराची सुरुवातच खेळातून आणि चुकीच्या उपयोगातून झालीय. केथे क्रुझ या जर्मन बाहुल्या करणाऱ्या बाईंकडे असं प्लास्टिक आलं, बाहुल्यांची डोकी करता येतील का म्हणून. त्यांच्या कारखान्याला ते सोयीचं नव्हतं, मग ते गेलं लेकीकडे, खेळायला. लेकीचं लाडाचं नाव फिफी, त्यावरूनच पुढे फिमो. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने ते घेतलं. तिकडे अमेरिकेत स्कल्पी निघाली १९६० च्या दशकात, आणि ती मुळात ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातली उष्णता बाहेर काढण्यासाठीचा पदार्थ म्हणून बनवली होती. त्या कामाला जमली नाही, पण कुणीतरी तिचं काहीतरी वळून भाजून बघितलं. म्हणजे दोन्हीकडे आधी "हे काय कामाचं नाही" झालं, मग खेळ.

सुईदोरा
वा रसायन, हे माहीत नव्हतं. @तिरसट, वाचताय ना?

तिरसट
वाचतोय. फिफीबाईंना शिल्पकलेचा गंध नव्हता असं कुठे लिहिलेलं दिसलं नाही.

नखाएवढी
मूळ प्रश्न राहिला बाजूला! सटरफटर, मी बसते तेव्हा एकच गोष्ट पकडते. आज फक्त ठसे. मग घरभर फिरते आणि जे खडबडीत दिसेल ते क्लेवर दाबते, चपलेचा तळ, कंगवा, स्क्रूची चुडी, झाडाची साल, टूथब्रश, बॅटरीचा मागचा भाग. पाण्याचं बोट फिरवून दाबलं की चिकटत नाही. एका बैठकीत चाळीस ठसे होतात आणि त्यातले पाच इतके अनोळखी दिसतात की स्वतःलाच ओळखता येत नाही हे कशाचे. माझा सगळ्यात आवडता ठसा रिमोटच्या बटणांच्या रबराचा आहे, एका चिमुकल्या शहराची छपरं वाटतात.

रिकामा_कॅनव्हास
मी उलट करतो, वस्तू सगळ्या घेतो पण वेळ लावतो. २० मिनिटांचा टायमर. वाजला की हात वर. चिखल व्हायला २० मिनिटं पुरत नाहीत.

पाऊणशहाणा
मला पाच पुरतात.

तिरसट
बरं. आता सांगतोच.

सटरफटर, तुमचा गोळा अजून कच्चा आहे म्हणालात. टाकू नका आणि अजून मळूही नका. बाहेरून चिखल दिसतोय कारण हात बाहेरून लागतात. मुठीएवढा गोळा तीन तासात आतपर्यंत एकजीव होत नाही, पैज लावतो. लेस, तार, चाकं, कागद, हाताला लागेल ते सगळं काढा, पातं धातूवर गेलं तर पात्याचा निकाल लागेल. मग हलका पीळ देऊन त्याची चौकोनी वीट करा, कडा ठोकून सरळ. लांब पातं घेऊन उभी मधोमध कापा, एकाच दाबात, करवत चालवल्यासारखं नाही. पुस्तक उघडावं तसे दोन्ही अर्धे उघडून शेजारी ठेवा. डावीकडे जे आहे तेच उजवीकडे आरशात. आवडलं नाही तर ते दोन्ही अर्धे पाठीला पाठ लावून परत वीट करा आणि दुसऱ्या बाजूने कापा. नताशा बीड म्हणतात याला. उरलेल्या क्लेसाठीच आहे ते. मी दर महिन्याला करतो.

सुईदोरा
!!!

म्हणजे तुम्ही दर महिन्याला काहीही न ठरवता, उरलेल्या कचऱ्याशी, काय निघेल ते बघत...

तिरसट
वीट काटकोनात हवी. त्याला शिस्त लागते.

उगाचच
सुईदोरा, थांबा, काका लाजतायत. दिवा घ्या हो तिरसट.

खटपट्या
तिरसट यांचा मुद्दा मला आता कुठे कळला असं वाटतंय. काहीतरी एक घट्ट धरायचं. भट्टीवालीबाई तीन रंग धरतात, कॅनव्हास वेळ धरतात, नखाएवढी ठसे, तिरसट काटकोन, मी तापमान. सटरफटर यांनी त्या दिवशी सगळंच सोडलं होतं.

भट्टीवाली
मी कधीकधी सगळंच सोडते हो. चिखल होतो, होऊ दे. गेल्या खेपेला चिखलात ट्रान्सलुसंट आणि थोडी एम्बॉसिंग पावडर मळली, भाजल्यावर हुबेहूब नदीतला गोटा. लोक हातात घेऊन वजन बघतात आणि दचकतात, एवढा हलका कसा. चिखल झाला म्हणजे हरलो असं काही नसतं, एवढं सांगायचं होतं.

खटपट्या
भट्टीवालीबाई, तुम्ही माझा सिद्धांत दोन मिनिटंही जगू दिला नाहीत.

सटरफटर
दोन आठवड्यांनी उगवतेय, सॉरी. सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. तिरसट यांचे तीनदा.

गोळा उघडला. लेस काढताना आत बोट गेलं तेव्हाच कळलं की आत रंग शाबूत आहेत. बाहेर अर्धा सेंटिमीटर चिखल आणि आत जांभळ्या-पिवळ्या रेघा, मध्ये एक पांढरी नस, आणि नकाशाचा एक तुकडा जो मला वाटलं होतं हरवला. वीट केली. काटकोनात, हो. माझं पातं आखूड, एका दाबात कापलं गेलं नाही, दोनदा दाबावं लागलं, म्हणून मधोमध एक पायरी आलीय. तरी उघडलं आणि मी आणि लेक दोघंही गप्प. समोर कुणाचं तरी तोंड होतं. घुबड म्हणा, मुखवटा म्हणा, दोन पिवळे डोळे आणि मधून पांढरी नस नाकासारखी खाली. ती पायरी बरोबर चोचीच्या जागी.

घड्याळाची चाकं डोळ्यांभोवती बसवली, मागून क्ले भरून, घड्याळजींनी सांगितलं तसं. एक तरी निघालंच भाजल्यावर, लिक्विड क्ले लावून परत भाजलं. लेस लावली नाही, तिचा ठसा मागच्या बाजूला घेतला. नकाशाचा तुकडा कुठेच बसेना, तो अजून टेबलावर आहे.

लेक म्हणाला, हा पण मेलाय पण याचे डोळे उघडे आहेत.

नखाएवढी
फोटो!!!

सुईदोरा
फोटो फोटो फोटो. आणि तिरसट यांचाही.

तिरसट
पायरी राहू द्या, घासू नका. पुढच्या वेळी पातं लांब घ्या.

घड्याळजी
कुठलं चाक निघालं? मोठं असेल तर त्याला भोकं कमी असतात, किनार जरा जाड चढवायला हवी होती.

सटरफटर
मोठंच. डावा डोळा.

खटपट्या
आणि थर्मामीटर?

सटरफटर
घेतलं. डायल १३०, आत १५५. अडीच वर्षं मी त्या पांढऱ्या क्लेला नावं ठेवत होते.